एस्पेरांतोचं व्याकरण मराठीतून समजून घेताना

एस्पेरांतो शिकायची इच्छा असलेल्या मराठी माणसाला मी आधी एकच गोष्ट सांगेन, व्याकरण इंग्रजीतून समजून घेऊ नका, मराठीतून घ्या. नेटवर जे काही मिळतं ते बहुतेक इंग्रजीतून असतं, कोर्स, व्हिडिओ, पीडीएफ, सगळंच, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला कुठे अडतं हे धरून ते समजावलेलं असतं. आपल्याला तिथे अडतच नाही, आणि आपल्याला जिथे अडतं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मी गेल्या पावसाळ्यात हे बेसिक व्याकरण नीट शिकून काढलं, नोकरी सांभाळून, रात्री जेवणं उरकल्यावर, आणि घरात आई होती म्हणून बऱ्याच गोष्टी सुटल्या. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची, आता रिटायर झालीय, पण प्रयोग आणि विभक्ती अजून तोंडपाठ आहेत तिला.

ज्यांना ही भाषा माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लुडविक झामेनहॉफ नावाचा डोळ्यांचा डॉक्टर होता, जन्म 1859 चा, बियालिस्टॉकचा, हे गाव आज पोलंडमध्ये आहे पण तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक शेजारी शेजारी राहायचे आणि एकमेकांवर खार खाऊन असायचे, ते बघत हा माणूस मोठा झाला आणि कुणाचीच नसलेली, म्हणून सगळ्यांची होऊ शकेल अशी भाषा त्याने बनवली. 1887 मध्ये वॉर्सातून त्याने छोटंसं पुस्तक काढलं, पहिल्यांदा रशियनमध्ये, त्यावर स्वतःचं नाव न घालता डॉक्टर एस्पेरांतो असं टोपणनाव घातलं, म्हणजे आशा बाळगणारा, आणि पुढे तेच भाषेचं नाव पडलं. व्याकरणाचे नियम फक्त 16. 1905 मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेरला पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि त्याच वर्षी 'फुंदामेंतो' या पुस्तकात हे नियम कायमचे पक्के केले गेले, त्यामुळे आज शिकलेलं व्याकरण उद्या बदलेल ही भीती नाही. मला या भाषेबद्दल जी ओढ वाटते ती या माणसामुळेच, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

इथे मी एस्पेरांतोचे शब्द देवनागरीत लिहितेय, लिपी रोमन आहे, 28 अक्षरं, त्यातल्या सहांवर टोपी किंवा चंद्रकोरीसारखी खूण असते, आणि क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय ही अक्षरं नाहीतच. जसं लिहिलं तसंच वाचायचं, एकही अक्षर मुकं नाही, आपल्याला हे सांगायचीही गरज नाही कारण आपण देवनागरीवाले. उच्चारात तर आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहोत. बिनटोपीच्या सी अक्षराचा उच्चार 'त्स' आहे आणि इंग्रजी व्हिडिओत त्यावर मिनिटंच्या मिनिटं घालवतात, पण चमच्यातला च आणि चहातला च वेगळे आहेत हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे, चमच्यातला तो साधा सी, चहातला तो टोपीवाला. टी आणि डी म्हणजे आपले त आणि द, ट-ड नाहीत. फक्त झेड आणि टोपीवाला जे यांच्यात लक्ष द्यावं लागतं, पहिला 'झू'मधला आणि दुसरा 'प्लेझर'मधला, आपण दोन्ही एकसारखे म्हणून टाकतो. आणि आघात, तो कायम शेवटून दुसऱ्या स्वरावर, एस्पेरांतो म्हणताना जोर 'रां'वर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या जोरात म्हणतो म्हणून हे कानाला बसेपर्यंत मी मोठ्यानेच वाचायचे.

मग शेवटच्या अक्षरांचा खेळ. नाम असेल तर शेवटी ओ, विशेषण असेल तर आ, नामावरून किंवा विशेषणावरून बनलेलं क्रियाविशेषण असेल तर ए, आणि क्रियापदाचं मूळ रूप इ. याला अपवाद नाही म्हणजे नाहीच. नोक्तो म्हणजे रात्र, नोक्ता म्हणजे रात्रीचा, नोक्ते म्हणजे रात्री. इंग्रजीतून शिकताना हे ए वालं रूप फक्त 'हळूहळू', 'पटकन' असल्या शब्दांसाठी आहे असं वाटत राहतं, पण मराठीत बघा, पिएदो म्हणजे पाय, पिएदे म्हणजे पायी. बुशो म्हणजे तोंड, बुशे म्हणजे तोंडी. हेइमो म्हणजे घर, हेइमे म्हणजे घरी. माते­नो सकाळ, मातेने सकाळी. आपली जी सप्तमीची ई आहे ना, घरी, पायी, तोंडी, सकाळी, तीच ही. एवढं दिसल्यावर मी कुठलंही नाम घेऊन त्याला ए लावून बघायला लागले आणि बहुतेक वेळा अर्थ बरोबर निघायचा.

क्रियापदं सोपी आहेत असं सगळेच सांगतात आणि ते खरंय. वर्तमानकाळ आस, भूतकाळ इस, भविष्यकाळ ओस. मी इरास, वी इरास, ली इरास, शी इरास, नी इरास, इली इरास, सगळीकडे इरासच. (हो, 'मी' म्हणजे मी, हा शब्द पाठ करावा लागत नाही. वी म्हणजे तू-तुम्ही, ली तो, शी ती, नी आम्ही, इली ते.) जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात हा सगळा पसारा तिथे नाही. बाई बोलतेय की पुरुष हे क्रियापदावरून कळत नाही. 'वी' मध्ये तू, तुम्ही दोन्ही आले, म्हणजे अहो-अगं-अरे काही भानगड नाही, सासऱ्यांशी आणि भाच्याशी एकाच शब्दात बोलायचं. याची सवय व्हायला मला थोडा वेळ लागला, मोठ्या माणसाला 'वी' म्हणताना मनात 'तू' उमटायचं, मग मी ठरवून टाकलं की वी म्हणजे तुम्हीच.

खरी मजा पुढे आली, उस आणि उ या दोन प्रत्ययांशी. इंग्रजी पुस्तकात त्यांना जी नावं दिलीत ती वाचून मला काही बोध होईना, म्हणून आई भाजी निवडत बसली होती तिथे जाऊन मी विचारलं, आई, 'पैसे असते तर पुस्तक घेतलं असतं' यातल्या त्या 'असते', 'असतं' ला काय म्हणतात गं. ती मान वर न करता म्हणाली, "संकेतार्थ. विसरलीस होय? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, चार अर्थ आहेत क्रियापदाचे." मी वही घेऊन तिथेच खाली बसले. आस-इस-ओस हे तिन्ही म्हणजे स्वार्थ, नुसती माहिती सांगणं. उस म्हणजे संकेतार्थ, से मी हावुस मोनोन, मी आचेतुस ला लिब्रोन, पैसे असते तर पुस्तक घेतलं असतं, आणि मराठीत जसं दोन्ही तुकड्यांत असतं-असते येतं तसंच इथे दोन्हीकडे उस येतो. आणि उ म्हणजे आज्ञार्थ आणि विध्यर्थ मिळून एक. वेनू म्हणजे ये. नी इरू म्हणजे जाऊया. ली वेनू म्हणजे त्याला येऊ दे. मी वोलास, के वी वेनू, म्हणजे तू यावंस असं मला वाटतं. 'यावंस' हे रूप आपल्याकडे तयार आहे, इंग्रजीत ते धड राहिलेलंच नाही म्हणून तिथे दोन पानं समजावत बसतात. आई म्हणाली, "चार अर्थांतले दोन एकत्र केले म्हणजे, बरं आहे, मुलांचे मार्क तरी वाचतील."

त्या वाक्यातला 'के' बघितलात का, तो आपला 'की' आहे. तो म्हणाला की तो येईल, ली दीरिस, के ली वेनोस. 'म्हणाला' भूतकाळात म्हणून 'येईल'चा काळ बदलायचा असलं काही नाही, आपल्यासारखंच, त्याच्या तोंडी जो काळ होता तोच ठेवायचा. फक्त आपण मराठीत बऱ्याचदा 'तो म्हणाला की मी येईन' असं बोलतो, तिथे एस्पेरांतोत 'ली'च घ्यायचं, नाहीतर येणारे तुम्ही ठरता. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या आधी 'चू' लावायचा, वी वेनोस म्हणजे तुम्ही याल, चू वी वेनोस म्हणजे तुम्ही याल का. शब्दांची उलथापालथ नाही. आपला 'का' शेवटी येतो आणि हा आधी येतो, एवढाच फरक. पण मराठीत 'तू येतोस का' आणि 'तू का येतोस' यातला का एकच आहे, एस्पेरांतोत पहिला चू आणि दुसरा कीआल, हे दोन वेगळे कप्पे करून ठेवावेत.

आता जिथे आपल्याला खरोखर अडतं तिथे येते, तो म्हणजे न प्रत्यय. वाक्यात जे कर्म असेल त्याला शेवटी न लावायचा. ला हुंदो मोर्दास ला कातोन, कुत्रा मांजराला चावतो (शब्दाआधीचा हा ला म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखं उपपद, आपला 'ला' प्रत्यय नव्हे). ला कातोन मोर्दास ला हुंदो म्हटलं तरी चावणारा कुत्राच, कारण न मांजराला आहे. इथपर्यंत सगळं छान वाटतं, शाळेतली द्वितीया, स-ला-ते, आणि आपण म्हणतो अरे हे तर 'ला' आहे. पण हा 'ला' फसवा आहे. आपण मांजराला 'ला' लावतो, आंब्याला लावत नाही. मी आंबा खातो. मी पत्र लिहितो. मी घर बघतो. निर्जीव कर्माला मराठीत काही चिकटतच नाही, आणि एस्पेरांतोत सजीव असो निर्जीव असो, न पाहिजेच, मी मांजास मांगोन, मी स्क्रिबास लेतेरोन, मी वीदास दोमोन. भूतकाळात तर आणखीच गोंधळ, कारण मराठीत मी आंबा खाल्ला, मी आंबे खाल्ले, मी भाकरी खाल्ली, क्रियापद आंब्याच्या आणि भाकरीच्या मागे जातं, आणि आपल्या डोक्यात आंबाच कर्त्यासारखा ऐटीत बसलेला असतो. कर्मणी प्रयोग आपल्या रक्तात आहे. एस्पेरांतोत मात्र मी मांजिस मांगोन, मी मांजिस मांगोय्न, क्रियापद ढिम्म हलत नाही, न आंब्यालाच.

याच्या उलट, जिथे आपण 'ला' लावतो तिथे तो कर्ता निघतो. मला माहीत आहे, मी स्त्सीआस. मला पुस्तक हवंय, मी वोलास लिब्रोन. मला घर दिसतं, मी वीदास दोमोन. मराठीत आपल्या अर्ध्याअधिक भावना 'मला' ने सुरू होतात, आणि 'मला' म्हटलं की हात आपोआप 'मीन' लिहायला जातो. यावर मी जो उपाय केला तो शाळेतलाच, क्रियापदाला 'णारा' लावून विचारायचं. खाणारा कोण, माहीत असणारा कोण, बघणारा कोण, जो उत्तर येईल तो कर्ता, त्याला काही नाही. खाल्लं जातंय काय, बघितलं जातंय काय, त्याला न. एकदा हा प्रश्न विचारायची सवय लागली की 'ला'कडे बघायची गरजच राहत नाही. आणि एक गोष्ट मला फारच आवडली, आवडण्यासाठी एस्पेरांतोत दोन क्रियापदं आहेत. मी शातास मांगोन हे कर्ता-कर्म वालं, आणि दुसरं मांगो प्लाचास आल मी, म्हणजे शब्दशः आपलं 'आंबा मला आवडतो', आंबा कर्ता, त्याला न नाही, आणि 'आल मी' म्हणजे मला, चतुर्थी. थंडीचंही तसंच, एस्तास माल्वार्मे आल मी, मला थंडी वाजतेय. म्हणजे आपली ही वाक्यरचना झामेनहॉफच्या भाषेत जागच्या जागी आहे, फक्त ती कुठल्या क्रियापदांबरोबर चालते ते बघून घ्यावं लागतं.

विशेषणालाही न लागतो, अनेकवचनाचा य पण लागतो. ग्रांदा दोमो मोठं घर, ग्रांदाय दोमोय मोठी घरं, मी वीदास ग्रांदाय्न दोमोय्न. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हे नवीन नाही, विशेष्याची जी विभक्ती जे वचन तेच विशेषणाचं, फक्त इथे लिंगाची कटकट नाही, टेबल ते आणि खुर्ची ती असलं काही नाही, वस्तू म्हटली की 'जी'. आणि 'आहे' च्या पुढे न येत नाही, ली एस्तास इन्स्त्रुइस्तो, तो शिक्षक आहे, शिक्षक हे काही कर्म नव्हे.

न चं दुसरं काम मला सगळ्यात सुंदर वाटलं आणि मराठीतून ते पटकन दिसत नाही. मांजर टेबलावर उडी मारतंय. आता हे मांजर टेबलावरच आहे आणि तिथल्या तिथे उड्या मारतंय, का खाली आहे आणि उडी मारून टेबलावर चाललंय? मराठीत दोन्ही एकच. एस्पेरांतोत पहिलं सुर ला ताब्लो, दुसरं सुर ला ताब्लोन. कुठे आहेस, कीए वी एस्तास. कुठे चाललास, कीएन वी इरास. घरी आहे, हेइमे. घरी चाललोय, हेइमेन. जिथे आहे तिथे न नाही, जिकडे चाललं तिकडे न. मराठीत 'कुठे' एकच आणि 'घरी' एकच म्हणून आपल्याला हा भेद जाणवत नाही, पण संस्कृतातलं रामः ग्रामं गच्छति आठवा, गावाला जातो म्हणून ग्रामं, द्वितीया, आणि गावात राहतो तर ग्रामे वसति, सप्तमी. तेच आहे हे. 16 मधला तेरावा नियम हाच. बाकी सुर, एन, सुब, कुन ही सगळी आपली शब्दयोगी अव्ययं, फक्त नामाच्या आधी येतात, आणि त्यांच्यामुळे नामाचं सामान्यरूप वगैरे काही होत नाही. घोडा-घोड्यावर अशी मोडतोड नाही, शब्द आहे तसा राहतो.

इग आणि इज. इंग्रजीवाले इथे हमखास गटांगळ्या खातात, आणि आपल्याला हे वरदान आहे. पुरा म्हणजे स्वच्छ. पुरीगी स्वच्छ करणे, पुरीजी स्वच्छ होणे. रुजा लाल, रुजीगी लाल करणे, रुजीजी लाल होणे. करणे आणि होणे, झालं. पुढे क्रियापदांना लावलं की आपली प्रयोजक क्रियापदं तयार होतात, सीदी बसणे, सीदीगी बसवणे. मोर्ती मरणे, मोर्तीगी मारणे. ब्रूली जळणे, ब्रूलीगी जाळणे. फाली पडणे, फालीगी पाडणे. आणि उलट बाजूने, रोम्पी तोडणे, रोम्पीजी तुटणे, फेर्मी बंद करणे, फेर्मीजी बंद होणे, ला पोर्दो फेर्मीजिस, दार बंद झालं. मराठीत मर-मार, जळ-जाळ, पड-पाड, तुट-तोड अशी जोडी स्वर बदलून होते, म्हणून जोडीतलं मूळ कोणतं हा प्रश्न आपल्याला पडत नाही. एस्पेरांतोत मात्र तो पाठ ठेवावा लागतो, मरणे मूळ आहे आणि मारणे साधित, पण तोडणे मूळ आणि तुटणे साधित. मी वहीत प्रत्येक क्रियापदापुढे त्याचा मराठी अर्थ असाच लिहिला, 'तुटणे' का 'तोडणे' ते स्पष्ट, त्यामुळे नंतर प्रत्यय कुठला लावायचा हे आपोआप ठरायचं. इंग्रजी अर्थ लिहिला असता तर हे कळलंच नसतं कारण तिथे दोन्हीला बहुतेक वेळा एकच शब्द असतो.

आणि याच इज ने 'उजाडलं' होतं. तागो म्हणजे दिवस, तागीजिस म्हणजे उजाडलं. वेस्पेरो संध्याकाळ, वेस्पेरीजिस म्हणजे सांजावलं. कर्ता नाही, कुणी उजाडवलं नाही, नुसतं उजाडलं. मी हे आईला सांगितलं तर तिने सुपारी कातरता कातरता थांबून मला पुन्हा म्हणायला लावलं, "तागीजिस... अगं मग हे भावकर्तृक झालं! उजाडलं, सांजावलं, हीच तर उदाहरणं देतो आम्ही." त्या दिवसानंतर ती स्वतःहून विचारायला लागली, आज काय नवीन. पाऊस पडतोय म्हणजे नुसतं प्लुवास, हे तिला तितकंसं नाही आवडलं, म्हणाली एवढ्या पावसाला एकच शब्द.

शब्द जोडून शब्द करण्याबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी थोडक्यात आटपते. माल लावला की उलटा अर्थ, बोना चांगला माल्बोना वाईट, वार्मा गरम माल्वार्मा थंड. एयो म्हणजे जागा, लेर्नी शिकणे तर लेर्नेयो शाळा, आणि एस्त्र म्हणजे प्रमुख, तर लेर्नेयेस्त्रो मुख्याध्यापक. फ्रिताजो तळण आणि दोल्चाजो गोडधोड, हे दोन शब्द मी दिवाळीत खूप वापरले. पण नात्यांच्या शब्दांत ही भाषा आपल्याला तोकडी पडते हे सांगायला हवं. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे ओंक्लो. दीर, मेहुणा, भावोजी, सगळे बोफ्रातो. आणि पात्रो म्हणजे वडील, त्याला इन लावून पात्रीनो म्हणजे आई, मूळ शब्द वडिलांचा आणि आई त्यावरून बनवलेली, हे मला पटत नाही, अनेक एस्पेरांतो बोलणाऱ्यांनाही पटत नाही आणि त्यावर बरीच वर्षं वाद चालू आहेत. नी या शब्दातही आपलं नुकसान आहे, आम्ही आणि आपण दोन्ही नी, समोरच्याला धरून का सोडून ते कळत नाही. पण सी आहे, आपला 'आपला'! ली प्रेनिस सीआन लिब्रोन म्हणजे त्याने आपलं पुस्तक घेतलं, ली प्रेनिस लीआन लिब्रोन म्हणजे त्याने त्याचं, म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी घेतलं. फक्त हा सी तिसऱ्या पुरुषातच, मी आणि वी बरोबर नाही.

कोष्टक शब्दांना सगळे घाबरतात, 45 शब्दांचा तक्ता आहे, पाच सुरुवाती आणि नऊ शेवट. मला तो पाठ करावाच लागला नाही, कारण आपल्याकडे कधी-तेव्हा, कुठे-तिथे, कसं-तसं, किती-तितकं हा तक्ता आधीच आहे. की ने सुरू झालं की आपला क, ती ने सुरू झालं की आपला त. कीआम कधी तीआम तेव्हा, कीए कुठे तीए तिथे, कीएल कसं तीएल तसं, कीओम किती तीओम तितकं. जेव्हा-जिथे-जसं यांना वेगळा ज नाही, तिथेही की चालतो, कीएल वी सेमास, तीएल वी रिकोल्तोस, जसं पेराल तसं उगवेल. कोणतं पुस्तक आणि कसलं पुस्तक यातला फरकही आहे, कीऊ लिब्रो आणि कीआ लिब्रो. मग नुसता ई म्हणजे कुठेतरी-कधीतरी मधला 'तरी', ची म्हणजे सगळं, नेनी म्हणजे नाही. इथे एक खड्डा आहे, आपण म्हणतो कुणीच आलं नाही, कधीच जात नाही, म्हणजे 'नाही' पुन्हा लावतोच. एस्पेरांतोत नेनीऊ वेनिस, बास, 'ने' लावायचा नाही. बारावा नियम याचसाठी आहे, दुसरा नकारी शब्द असेल तर ने गाळायचा, लावला तर अर्थ उलटा होऊन बसतो.

ला हे उपपद मी सुरुवातीला जवळजवळ सोडूनच दिलं होतं, आणि तशी परवानगी खुद्द झामेनहॉफने दिलीय. पहिल्या नियमाला जोडून त्याने लिहून ठेवलंय की ज्यांना उपपद वापरणं अवघड जातं त्यांनी सुरुवातीच्या काळात ते अजिबात वापरलं नाही तरी चालेल. रशियन-पोलिशमध्येही आपल्यासारखंच उपपद नाही, त्यामुळे त्याला ही अडचण घरातूनच माहीत असणार. तसंच 'दा' हा शब्द, तो आपला 'भर' आहे, तासो दा तेओ कपभर चहा, किलोग्रामो दा रीझो किलोभर तांदूळ. आकडे तर स्वर्ग, एकोणऐंशी का एकोणनव्वद हा घोटाळाच नाही, सेपदेक नाउ म्हणजे सात-दहा-नऊ. दोघं मिळून दुओपे, तिघं मिळून त्रिओपे, चौघं मिळून क्वारोपे, आणि प्रत्येकी दोन म्हणजे पो दू.

कुणाला सुरुवात करायची असेल तर लेर्नू नावाची साइट आहे, 2002 पासून चालू, फुकट, तिथे व्याकरण पण आहे आणि डिक्शनरी पण. टोपीवाली अक्षरं फोनवर मिळत नसतील तर त्या अक्षरापुढे एक्स लिहायची पद्धत आहे, सगळे समजून घेतात. क्रम विचाराल तर आधी ओ-आ-ए-इ आणि तीन काळ, लगेच न, न ला घाबरून पुढे ढकलू नका, मग इग-इज, मग कोष्टक. रोज पाच-सहा वाक्यं मराठीतून एस्पेरांतोत स्वतः करा, घरातलीच, दूध उतू गेलं, लाइट गेली, मावशी उद्या येतेय, आणि प्रत्येकात 'णारा' लावून कर्ता शोधा.

मी सध्या कृदंतांवर आहे. लेगीता लिब्रो वाचलेलं पुस्तक, लेगोता लिब्रो वाचायचं पुस्तक, लेगांता क्नाबो वाचणारा मुलगा. एकूण सहा रूपं आहेत, आणि वाचलेलं-वाचायचं-वाचणारा आपल्याकडे एकेका शब्दात तयार असल्यामुळे यातली तीन तर पहिल्याच बैठकीत बसली. उरलेल्या तिघांसाठी मराठीत 'वाचणार असलेला', 'वाचलं जात असलेलं' असं लांबण लावावं लागतं, ती अजून सरावाने पक्की करतेय, रोजच्या बोलण्यात ती कमीच लागतात, त्यामुळे घाई नाही.